टेकाडावरचा पांढरा दगड

मी एक दगड बोलतोय. तुम्हाला घाई असेल तर पुढे जा, मी रागावणार नाही. मला सावकाश बोलायची सवय आहे. बोलायला लागायच्या आधी काही हजार वर्षं मी नुसता गप्प पडून होतो, तेव्हा दोनचार वाक्यं रेंगाळली तर चालवून घ्या.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. समुद्रात होतो एवढं नक्की. लाटांनी लोळवून लोळवून माझे कोपरे काढले आणि कंटाळून एक दिवस मला किनाऱ्यावर टाकून दिलं. तिथून मी आयर्लंडमधल्या किलनाशी गावच्या एका गडग्यात आलो. आमच्या गावात मातीपेक्षा दगड जास्त. शेत करायचं म्हणजे आधी दगड वेचायचे, आणि वेचलेले ठेवायचे कुठे, तर शेताभोवती गडगा घालायचा. त्या गडग्यात मी खूप पावसाळे काढले. पावसाळे म्हणतो खरं, पण आमच्याकडे पाऊस हा ऋतू नसून शेजारी आहे. कधीही येतो, बसतो, जातो. मेंढ्या माझ्या अंगाला पाठ घासायच्या. बरं वाटायचं.

मग गावाला गोल्फचं वेड लागलं. शाळेचे मास्तर आणि पाद्रीबाबा एका रविवारी प्रार्थना आटोपल्यावर समुद्राकाठच्या गायरानात पावलं मोजत फिरले. वाटाण्याचे नऊ रिकामे डबे जमिनीत पुरले, नऊ काठ्यांना फाटक्या परकराचे झेंडे लावले, आणि झालं मैदान. मेंढ्यांचा चरायचा हक्क मात्र कुणी काढला नाही. गवत त्याच कापायच्या. फक्त भोकाभोवतीच्या मऊ हिरवळीला तारेचं कुंपण घातलं.

पाचव्या भोकाशी अडचण आली. चेंडू मारायची जागा अलीकडे, हिरवळ पलीकडच्या खोलगट भागात, आणि मध्ये हे वाळूचं उंच टेकाड. उभ्या माणसाला पलीकडचा झेंडा दिसेना. कुणी म्हणालं, टेकाड खणून काढा. पण गावात त्या वेळी फावडी सहाच होती आणि बटाटे काढायचे होते. तेव्हा मास्तर म्हणाले, "माथ्यावर एक दगड ठेवू. दगडाच्या बरोबर मागे झेंडा. दगडावरून मारा, पुढचं देव बघेल."

गडग्यातला सगळ्यात गुळगुळीत म्हणून मला उचललं. कुणाच्या तरी घराला चुना लावून उरला होता, तो मला फासला. तोही एकाच बाजूला, मारणाऱ्याला दिसेल तेवढा. माझी पाठ अजून करडीच आहे. गवतात बुडालेली. हिरवळीवरून बघाल तर मी दिसणारसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माझं काम सोपं. एकाच जागी सारखं भोक असलं की भोवतालचं गवत मरतं. म्हणून रोज सकाळी जुनं भोक बुजवून दुसरीकडे नवं पाडतात. भोक हललं की माथ्यावर मलाही तेवढंच हलवायचं. झेंडा डावीकडे तर मी डावीकडे, झेंडा उजवीकडे तर मी उजवीकडे. जगात चालणारे दगड थोडेच असतील. त्यांतला मी एक.

आणि टेकाडाच्या माथ्यावर असल्यामुळे मला दोन्ही बाजू दिसतात. अलीकडची माणसं आणि पलीकडचं भोक. माणूस माझ्याकडे बघून चेंडू मारतो. चेंडू टेकाडापलीकडे गेला की त्याला वाटतं, लागला असेल अगदी झेंड्याशी. टेकाडावर चढायचं नाही असा नियम आहे, वाळू घसरते. मग तो पायथ्याच्या वाटेने वळसा घालून निघतो. चेंडू कुठे चिखलात रुतलाय ते मला दिसत असतं, पण त्याला दिसत नसतं. तेवढी शेदीडशे पावलं प्रत्येक माणूस सुखी असतो. शीळ घालतो. मला त्यांच्या त्या दीडशे पावलांची फार माया आहे.

मला हलवणारा माणूस म्हणजे फेस्टस. फेस्टस कॉनवे. चाळीस वर्षं झाली. सकाळी धापा टाकत वर येणार, बाजूला बसणार, पाइप पेटवणार नि माझ्याशी बोलणार. पाऊस, मेंढ्या, गुडघा, आणि कॅनडात गेलेली त्याची मुलगी फिनोला. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मग "चल रे बाबा" म्हणून दोन्ही हातांनी मला उचलायचा, पावलं मोजायचा, आणि नवरा मुलगा पाटावर बसवावा तसा मला नव्या जागी बसवायचा. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. बायको गेली त्या दिवशीसुद्धा मला हलवून मग तो घरी गेला होता.

त्याचा दोस्त मॅलकी डर्कन. दोस्त म्हणजे, दोघं भेटले की एकमेकांना टाकून बोलणार, आणि एक आजारी पडला की दुसऱ्याला जेवण जाणार नाही, तसले. मॅलकीने जन्मभर लांब दांड्याच्या कोयत्याने गवत कापलं. गोल्फची काठीसुद्धा तो तशीच फिरवायचा. त्यामुळे चेंडू सरळ निघायचा आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे वळायचा. पन्नास वर्षं वळत होता.

"अरे, तुझा चेंडू घरी निघालाय," फेस्टस म्हणायचा. "ॲट्रॅक्टाने चहा टाकला असेल."

ॲट्रॅक्टा ही मॅलकीची बायको. क्लबाच्या खोलीत चहा-पाव तीच करते आणि दर वसंतात मला चुना लावते. तिच्या हातात ब्रश असला की मला गुदगुल्या होतात.

त्या खोलीत एक लाकडी फळा आहे. पहिल्याच फटक्यात ज्याने चेंडू भोकात घातला त्याचं नाव सोनेरी अक्षरांत त्यावर लिहितात, आणि त्या माणसाने त्या दिवशी हजर असलेल्या सगळ्यांना पाजायचं असतं. फळ्यावर मॅलकीच्या बरोबरीच्या सगळ्यांची नावं होती. त्याचं नव्हतं. तो स्वतः दारूला शिवत नाही, लाल लिंबू-सरबत पितो. लोक म्हणायचे, "म्हणूनच देव देत नाही तुला. आमच्या घशाचं काय होईल याची त्याला काळजी."

मॅलकी हसायचा. पण येताना-जाताना त्या फळ्याच्या मोकळ्या जागेकडे तो कसा बघायचा, ते ॲट्रॅक्टाने मला चुना लावताना सांगितलं होतं.

आणि त्या वर्षी मे महिन्यात डॉक्टरनी त्याला सांगितलं की खुब्याचं हाड बदलायचंय, पुढच्या आठवड्यात भरती व्हा, आणि नंतर हा खेळ नाही. म्हणजे उरला एक शनिवार.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. फेस्टस तरुण असताना तो खोलगट भागात लपून बसला होता. गावच्या तेव्हाच्या डॉक्टरांचा चेंडू टेकाडावरून आला, हिरवळीच्या कडेला पडला. फेस्टसने तो उचलून हळूच भोकात टाकला. डॉक्टर आनंदाने वेडे झाले. सगळ्या गावाला दोन दिवस पाजत होते. पुढे सगळं फुटलं, हसण्यावारी गेलं, पण नियम झाला: पाचव्यावर चेंडू पहिल्या फटक्यात गेला तर तो जाताना कुणीतरी डोळ्यांनी बघितलेला असला पाहिजे. आणि फेस्टसचे डोळे त्यात धरायचे नाहीत.

क्लबाचा कप्तान जार्लथ. पोलिसातून निवृत्त झालेला. माणूस सरळ, पण सरळपणाचा त्याला जरा त्रासच होता. त्याच्या डोक्यात एक खांब होता. लोखंडी, लाल-पांढरा, टेकाडावर कायमचा रोवलेला, आणि भोकही मग कायम त्याच्या मागेच, फार तर हातभर इकडेतिकडे. "हल्ली कोण दगड हलवतं?" तो म्हणायचा. "आणि फेस्टस शहात्तरचा झाला. एखाद्या दिवशी विसरेल, बाहेरचा माणूस येईल, आपली शोभा होईल." खांबाचा ठराव पुढच्या बैठकीत येणार होता. खांब आला म्हणजे मी गडग्यात आणि फेस्टस घरी. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. बोललो नाही एवढंच.

तर तो शनिवार. गावातल्या मुलांच्या पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा दिवस. सगळं गाव चर्चमध्ये. मैदानावर तिघंच: मॅलकी, जार्लथ, आणि एक पाहुणा. हा पाहुणा हातात वही घेऊन आयर्लंडभर फिरत होता. खेड्यापाड्यांतली कुठली गोल्फची मैदानं वाट वाकडी करून बघावीत, याचं पुस्तक लिहीत होता. म्हणून जार्लथने त्या दिवशी बूट दोनदा पॉलिश केले होते.

सकाळी फेस्टस आला तेव्हा मला कळलं की आज काहीतरी वेगळं आहे. धापा टाकत नव्हता. आधी खाली जाऊन त्याने नवं भोक पाडलं, खेळणाऱ्याच्या उजव्या बाजूला, जुन्यापासून बारा पावलांवर. मग वर आला, माझ्या शेजारी बसला.

"येतेय रे ती," तो म्हणाला. "रात्री फोन आला होता. फिनोला येतेय. फिरायला नाही, राहायला. म्हणाली, बाबा, माझी खोली झाडून ठेवा."

त्याने पाइप काढला, पण पेटवायचं विसरला. खोलीला कोणता रंग द्यायचा ते मला विचारलं. आकाशात एक चंडोल गात होता, त्याच्याकडे बघत बसला. मग माझ्या पाठीवर थोपटलं, उठला, आणि शीळ घालत खाली उतरला.

मी जिथल्या तिथेच.

मला तोंड असतं तर ओरडलो असतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी खोटं बोलत उभा होतो, आणि तेही चुना फासलेल्या चेहऱ्याने.

तासाभराने तिघं आले. जार्लथने बरोबर माझ्यावरून मारला, सुरेख. पाहुण्यानेही. दोघांचे चेंडू पलीकडे जुन्या भोकाच्या जागी शेजारी-शेजारी पडले. मग मॅलकी. त्याने काठी कोयत्यासारखी फिरवली. चेंडू सरळ माझ्याकडे निघाला, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने उजवीकडे वळला. चांगला बारा पावलं.

"गेला घरी," मॅलकी स्वतःच म्हणाला.

मी बघत होतो. चेंडू हिरवळीवर पडला, एक टप्पा, दुसरा टप्पा, मग जरासा घरंगळला, झेंड्याच्या काठीला टेकला आणि आत. 'टक्' असा आवाज आला. एवढाच.

खाली कुंपणाशी फेस्टस तार बांधत होता. त्यानेही बघितलं. हातातली पक्कड पडली त्याच्या.

तिघं वळसा घालून आले. मॅलकी आपला चेंडू शोधत गवतात काठी फिरवत राहिला. शेवटी पाहुण्याने भोकात डोकावून बघितलं आणि टोपी काढली.

मॅलकी भोकापाशी गेला. वाकवेना, तरी वाकला. तो चेंडू त्याने बाहेर काढला नाही. नुसता बघत राहिला.

"मी बघितला!" फेस्टस ओरडत आला. "दोन टप्पे आणि आत! मॅलकी, म्हाताऱ्या, गेला रे तुझा!"

"तू बघितलास?" जार्लथ म्हणाला. "डॉक्टरांचासुद्धा तूच बघितला होतास ना?"



"मॅलकी, मला वाईट वाटतं," जार्लथ म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं. "पण चेंडू दगडाच्या उजवीकडून गेला. दहा-बारा पावलं. मी बघितलं, पाहुण्यांनी बघितलं. आणि भोक असतं दगडाच्या मागे. मग चेंडू इथे आला कसा? चालत?"

"तुम्हा दोघांचे सरळ गेलेले इतक्या लांब कसे?" मॅलकीने हळूच विचारलं.

"वारा," जार्लथ म्हणाला.

वारा नव्हता. पण दगड चुकेल हे कुणाच्या मनातही येईना. चाळीस वर्षं जो चुकला नाही त्याच्यावर कोण संशय घेणार? माणसावर घेतला.

मॅलकी फेस्टसकडे वळला. "खरं सांग. माझा शेवटचा म्हणून दया आली तुला?"

तेवढ्यात फेस्टसची नजर टेकाडाच्या माथ्याकडे गेली. त्याला खालून मी दिसत नव्हतो. पण आपण सकाळी वर काय केलं आणि काय केलं नाही, ते त्याला आठवलं. चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला.

तिघं पुढे खेळायला गेले. मॅलकी सगळ्यात मागे, मान खाली घालून.

फेस्टस वर आला. आता धापा टाकत होता. वाकून त्याने दोन्ही हातांनी मला उचललं. बारा पावलं चालला की झालं. कुणाला कळणार नव्हतं. चेंडू त्याने टाकला असं गाव म्हणालं असतं, चार दिवस हसलं असतं, विसरलं असतं. पण तो मला विसरला हे कळलं तर उद्याच खांब.

एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मी जड आहे, पण इतका जड मी त्याला कधी झालो नव्हतो.

मग तो परत फिरला. माझ्या जुन्या खळग्यात, दबलेल्या गवतावर, त्याने मला हळूच परत ठेवलं.

"बस इथे," तो म्हणाला. "हलू नकोस."

गंमत वाटली. मला काय हलता येतंय!

दुपारी चर्च सुटलं आणि सगळं गाव फराळाला क्लबात आलं. बातमी त्यांच्याआधी पोचली होती. जार्लथने मग पोलिसी पद्धतीने जागेवरच पंचनामा करायचं ठरवलं. पांढऱ्या झग्यांतल्या कम्युनियनच्या मुली, सुटाबुटातले बाप, हातात पाव घेतलेल्या आज्या, सगळे टेकाडाच्या पायथ्याशी जमले. ॲट्रॅक्टा सगळ्यांत पुढे, हातात पावाची सुरी.

"ती सुरी ठेवा बाई," जार्लथ म्हणाला.

"माझ्या नवऱ्याला खोटं ठरव, मग ठेवते."

"त्याला कोण खोटं म्हणतंय? मी फेस्टसला विचारतोय. फेस्टस, चेंडू तू टाकलास का?"

सगळं गाव फेस्टसकडे बघू लागलं. त्याने टोपी काढली.

"नाही," तो म्हणाला. "मी दगड हलवायला विसरलो."

आज्यांच्या हातातले पाव तोंडाशीच थांबले.

"भोक आज उजवीकडे आहे. दगड कालच्याच जागी आहे. बारा पावलांचा फरक. वर चला, दाखवतो. जार्लथ, तुझा चेंडू सरळ गेला म्हणून चुकला. याचा वाकडा गेला म्हणून आत गेला."

"विसरलास?" मॅलकी म्हणाला. "तू?"

"फिनोला येतेय," फेस्टस म्हणाला. "त्या नादात."

त्या दिवशी नियम मोडून सगळं गाव टेकाडावर चढलं. जार्लथने माझ्या मागे उभं राहून एक डोळा मिटला, हात लांब केला, बारा पावलं मोजली. दोनदा मोजली. पोलीस तो पोलीस. मग मॅलकीसमोर येऊन उभा राहिला आणि सलाम ठोकला.

"आजच्यापुरते फेस्टसचे डोळे धरले. मिस्टर डर्कन, फळ्यावर स्पेलिंग काय लिहायचं?"

आणि मग जो गोंधळ झाला! मॅलकी रडत होता की हसत होता ते समुद्रालाही कळलं नसतं. दोन मुली झग्यांसकट टेकाडावरून घसरत खाली गेल्या, त्यांच्या आया ओरडायच्या तर आयाच मागून घसरल्या. मॅलकीने फेस्टसची कॉलर धरली.

"गाढवा! चाळीस वर्षं रोज का नाही विसरलास?"

जार्लथ माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "फेस्टस, बैठकीत खांबाबद्दल बोलावं लागेल. तू कबूल केलंस."

"बोल की," ॲट्रॅक्टा म्हणाली. "तुझा खांब असता तर भोक त्याच्याच मागे असतं, आणि माझ्या नवऱ्याचा चेंडू आज मेंढीच्या पोटाखाली असता. कोण हात वर करतंय खांबासाठी? करा. मीही बघते." सुरी अजून तिच्या हातातच होती.

कुणी केला नाही. जार्लथनेही नाही.

संध्याकाळी मॅलकीने सगळ्यांना पाजलं. स्वतः लाल सरबताचे चार ग्लास प्यायला आणि डोलत घरी गेला, असं फेस्टसने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला हलवून झाल्यावर. उजवीकडे, बरोबर झेंड्यासमोर.

पाहुण्याचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. त्यात मोठमोठ्या मैदानांना पानंच्या पानं, आणि आम्हाला चार ओळी. फेस्टसने त्या मला इतक्या वेळा वाचून दाखवल्यात की मला पाठ झाल्या: "किलनाशीला जाच. मेंढ्यांना आधी जाऊ द्या. पाचव्यावर पांढऱ्या दगडाकडे बघून मारा. पण त्याआधी कुणाला तरी विचारा, आज दगड हलवलाय का."

आता मी तिथेच आहे, त्याच टेकाडावर. फेस्टसच्याने मला उचलवत नाही. फिनोला उचलते. तो नुसता बोट दाखवतो आणि तिने पाऊल चुकवलं की ओरडतो. मॅलकीचा खुबा नवा आहे. खेळत नाही, पण रोज सकाळी काठी टेकत पायथ्याशी येतो आणि खालून विचारतो, "दगड हलवला का रे?" दुकानात, चर्चच्या दारात, रस्त्यात, सगळं गाव फेस्टसला हेच विचारतं. आमच्याकडे आता नमस्कार असाच करतात. वर्षातून एक दिवस मात्र, मेमधल्या त्या शनिवारी, मला मुद्दाम हलवत नाहीत. त्या दिवशी सगळं गाव चेंडू वाकडा मारायचा प्रयत्न करतं. अजून कुणाला जमलेलं नाही.

तुम्हीही या कधीतरी. खेळता आलं नाही तरी या. टेकाडाअलीकडे उभे राहा, माझ्याकडे बघा, आणि मारा. मग वळसा घालून या, सावकाश, शीळ घालत. ती दीडशे पावलं तुमची. पलीकडे काय झालंय ते मला दिसत असेल, पण मी सांगणार नाही.

आणि वाटेत एक टोपीवाला म्हातारा भेटेल, न पेटवलेला पाइप तोंडात. त्याला विचारा, दगड हलवला का. तो तुम्हाला एक सणसणीत शिवी देईल. शिवी दिली की समजा, हलवलाय. खुशाल मारा.